काचेच्या जंगलात

माझ्या लेकीनं, नाओनं, फोटो पाठवला तेव्हा मी प्लास्टिकचा कचरा वेगळा करत होते. आमच्याकडे मंगळवार हा प्लास्टिकचा वार. फोटोत भिंतीवर चिकटवलेलं एक पत्रक होतं. इझूच्या किनाऱ्यावरचं ते जुनं काचघर या महिन्याच्या शेवटी कायमचं बंद होतंय, निरोपाच्या रविवारी तिथल्या हॉलमध्ये हॉलिवूडचा तो जुना जंगलपट दाखवणार आहेत, आणि खाली बारीक अक्षरांत, 'मूळ आवाजासह'. त्याच्यापुढे तिनं जपानीत विचारलं होतं, "आई, हाच ना आजीचा सिनेमा?"

मूळ आवाजासह. मी ते दोन शब्द चार-पाच वेळा वाचले. हातात दह्याचा धुतलेला डबा होता, त्याचं पाणी स्लिपरवर ठिबकत होतं, तेही नंतर कळलं.

सांगायला लाज वाटते, पण मला माझ्या आईचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, त्याला फोटोंची मदत आहे. हात आठवतात, मनगटावरची भाजल्याची खूण आठवते. तिचं बोलणं शब्द न् शब्द आठवतं. पण ते शब्द आता माझ्याच आवाजात ऐकू येतात. तिचा आवाज कधी निघून गेला त्याचा पत्ताही लागला नाही. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. घरात टेपरेकॉर्डर नव्हता, मुंबईला फोन करायची रीत नव्हती, पत्रं जायची. त्यामुळे तिचा आवाज या जगात कुठे उरलेला असलाच तर एकाच ठिकाणी, एका अमेरिकन सिनेमात. त्यात ती जंगलातल्या टोळीतली बाई आहे आणि नवऱ्याच्या प्रेताशेजारी बसून रडते आहे. ते प्रेत म्हणजे माझे बाबा.

रविवारी सकाळी योकोहामाहून निघालो. नाओ बत्तीस वर्षांची आहे, टोकियोत नोकरी करते, तिचे बाबा जपानी. मराठी तिला निम्मं समजतं, बोलताना मात्र 'आई' हा एकच शब्द वापरते, पुढचं सगळं जपानीत. ट्रेनमध्ये तिनं विचारलं, "आजीचा आवाज तुझ्यासारखा होता का?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं.

"आज कळेल," ती म्हणाली आणि खिडकीकडे बघायला लागली. डाव्या हाताला समुद्र सुरू झाला होता. स्टेशनवर घेतलेला जेवणाचा डबा मी मांडीवर धरून बसले होते. तो शेवटपर्यंत उघडलाच नाही.

काचघर मला आठवत होतं त्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. लोखंडाला गंज चढलेला, निम्म्या काचा जाऊन तिथं पिवळं पडलेलं प्लास्टिक बसवलेलं. पण नाओनं दार ढकललं आणि आतली हवा अंगावर आली. गरम झऱ्याच्या पाण्याचा खारट, लोखंडी वास, कुजक्या पानांचा वास, ओल्या सुंभाचा वास. माझे पायच थबकले. साठ वर्षांत या हवेला कुणी हात लावला नव्हता. नाओ म्हणाली, "आई, चष्म्यावर वाफ धरलीय तुझ्या." मी तो तसाच राहू दिला.

शूटिंग झालं त्या वर्षी फेब्रुवारीत बाहेर उमेची, इथल्या आंबट आलुबुखारांची, झाडं फुलली होती आणि समुद्रावरून कान कापणारा वारा येत होता. काचेच्या आत मात्र आम्ही सगळे उघड्या पायांनी, कमरेला गवताचे झगे बांधून फिरत होतो. गरम झऱ्याचं पाणी नळ्यांतून फिरवून त्या काचघरात केळी, फणस, नेचे, वेली वाढवल्या होत्या. हॉलिवूडच्या कंपनीला जंगल हवं होतं, पण डास नको होते. मग त्यांना जंगली माणसं लागली. कुणीतरी सुचवलं की योकोहामात कापडाचे व्यापारी हिंदी लोक आहेत, त्यांना विचारा. बाबा मुंबईच्या एका कापड कंपनीचे इथले कारकून होते. त्यांना इंग्रजी यायचं, कामापुरतं जपानी यायचं, आणि हौस तर दांडगी. त्यांनी आठवड्याभरात वीस माणसांची टोळी उभी केली. बरेचसे सिंधी, थोडे गुजराती, आणि मराठी म्हणाल तर आम्ही तिघं.

टोळीचा सरदार झाले होते रेशमाचे एक सिंधी व्यापारी. त्यांचा सोनेरी काड्यांचा चष्मा काढून घेतला आणि डोक्यात पिसं खोवली, तेव्हापासून त्यांना काहीच दिसेना. भाला उगारून ते तावातावानं निघाले की थेट केळीवर जाऊन आदळायचे. झाडांना फळं नव्हती, म्हणून हॉटेलांच्या काचेच्या कपाटांत मांडायचे मेणाचे पदार्थ बनवणारा कारागीर टोकियोहून आणला होता. त्यानं केलेल्या पपया इतक्या हुबेहूब होत्या की मी एकीला दात लावला. मेणाची ती चव अजून जिभेवर आहे. एक पोपट होता, तो कुठल्याशा हॉटेलच्या दारातून उसना आणलेला, त्यामुळे भर लढाईत तो 'इराश्शाइमासे' म्हणून सगळ्यांचं स्वागत करायचा. आणि गोरिला होता. गोरिल्याच्या आत एक अतिशय सभ्य गृहस्थ होते. जेवणाच्या सुट्टीत मुंडकं काखेत धरून ते रांगेत उभे राहायचे आणि समोर बाई आली की कमरेत वाकून तिला पुढे जाऊ द्यायचे. आम्ही त्यांना गोरिला-सान म्हणायचो.

आईला हे काहीच आवडलं नव्हतं. ती आली ती बाबांच्या हट्टापायी. गवताचे झगे तिनं नऊवारी नेसल्यासारखे घट्ट आवळून घेतले होते, खाली परकर होताच. घरून पोळ्या नि बटाट्याची भाजी आणलेली असायची, ती आम्ही फणसाखाली बसून खायचो. पोळ्यांना त्या हवेचा दमटपणा लागायचा. त्यांची ती मऊ, किंचित आंबूस चव मला पुढे कुठल्याच पोळीत सापडली नाही.

पहिल्याच दिवशी अडलं ते कुंकवावर. रंगभूषेला मोरी-सान नावाच्या एक जपानी बाई होत्या. त्यांनी ओल्या बोळ्यानं सगळ्या बायकांची कपाळं पुसत आणली. आईची पाळी आली तशी आई एक पाऊल मागे सरली. मोरी-सान पुढे, आई मागे, असं करत दोघी केळीच्या वाफ्यापर्यंत पोचल्या. बाबा मध्ये पडले, त्यांनी काय समजावलं कोण जाणे. मोरी-सान बराच वेळ आईच्या कपाळाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बोळा खाली ठेवला, बारीक कुंचला घेतला आणि कुंकवाला हात न लावता त्याच्याभोवती पांढरे ठिपके काढले. मंगळसूत्राचं तर आणखीच सोपं झालं. दिग्दर्शकानं ते काळे मणी बघितले आणि तो हरखला. म्हणाला, हा दागिना कुणी केला, अगदी खरा जंगली वाटतो, सगळ्या बायकांना असाच हवा. दुसऱ्या दिवशी टोळीतल्या सगळ्या बायकांच्या गळ्यात काळे मणी होते, त्यात दोन कुमारिका आणि एक विधवा सिंधी काकू. आईनं हे बघितलं आणि कपाळाला हात लावला. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

आईच्या मराठीत काही शब्दांना बंदी होती. आता माझ्याशी मराठी बोलणारं घरात कुणी राहिलं नाही, म्हणून हे लिहून ठेवते. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. आणि घरातून बाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. मी शाळेत जाताना चुकून 'जाते' म्हटलं तर दारातून परत बोलवायची, पायरीवर बसवायची आणि 'येते' म्हणवून मगच सोडायची. यापायी माझी बस दोनदा चुकली. बाबा चेष्टा करायचे, "अगं, इथल्या देवांना मराठी कळत नाही." ती म्हणायची, "शब्दांना कळतं."

अशा बाईला त्या लोकांनी नवऱ्याच्या प्रेतावर रडायला सांगितलं.

गोष्ट अशी होती की टोळीतला एक माणूस गोरिल्याच्या हातून मरतो आणि त्याची बायको आक्रोश करते. बाबा उंच होते, शिडशिडीत होते, आणि आडवे पडायला एका पायावर तयार होते. बायको म्हणून दिग्दर्शकानं आईला निवडलं. बाबांच्या छातीवर नि गळ्यावर पांढरे पट्टे ओढले आणि त्यांना नेच्यांच्या पानांवर झोपवलं. आता पंचाईत अशी की दुभाषी बाबाच. दिग्दर्शक इंग्रजीत सांगायचा, मग प्रेत उठून बसायचं, ते आईला मराठीत समजवायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं.

"ते म्हणतायत, तुमच्या भाषेत रडा. काय वाटेल ते बोला, कुणाला कळणार नाही."

"जिवंत नवऱ्यासमोर गळा काढू? माझ्या तोंडात किडे पडतील," आई म्हणाली.

"अगं, नाटक आहे."

"नाटकात तुम्ही खुशाल आडवे पडा. मी नाही रडायची."

बाबांनी दिग्दर्शकाला याचं काय भाषांतर केलं मला माहीत नाही. तो फार समजूतदारपणे मान हलवत होता. शेवटी आईनं तोड काढली. सूर रडण्याचा लावायचा आणि बोलायचं मात्र घरचं, साधं, शुभ. पहिला टेक सुरू झाला. आईनं केस मोकळे सोडले, छातीवर हात मारले आणि असा काही सूर काढला की टोळीतल्या सिंधी काकू खरंच रडायला लागल्या. आणि त्या सुरात ती म्हणत होती, "अहो उठा, चहा निवतोय! अहो उठा, किती झोपायचं! चहा निवतोय हो!"

प्रेताचं पोट गदगदायला लागलं. कट.

दुसरा टेक. पुन्हा चहा, पुन्हा पोट. तिसऱ्याला बाबांनी ओठ दाताखाली धरले, ते कॅमेऱ्यात दिसलं. चौथ्याला सगळं जमत आलं होतं, तर पोपटानं स्वागत केलं. मी टोळीतल्या पोरांमध्ये आईच्या मागेच उभी होते आणि हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेव्हा मला उचलून पार लांब, वाफेच्या नळ्यांपाशी नेऊन उभं केलं. तिथून नळ्यांच्या फुसफुशीत काहीच ऐकू येत नव्हतं. आई केळीच्या पानांमागून तुकड्यातुकड्यांनी दिसत होती. म्हणजे तिचा आवाज मी ऐकला तो चौथ्या टेकपर्यंत. तिचं शेवटचं मोठ्यानं रडणं मी फक्त पाहिलं.

आठवा टेक बरोबर आला. प्रेत एकदम शांत पडलं होतं. दिग्दर्शकानं टोपी काढली, टाळ्या झाल्या, गोरिला-सानांनी काखेतल्या मुंडक्यासकट नमस्कार केला. आई उठून गवत झटकत होती, बाबा पडूनच होते. मी धावत गेले आणि त्यांच्या पोटावर बसले. "बाबा, उठा, चहा निवतोय!" तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

परतीच्या बसमध्ये गुळगुळीत काचेला गाल लावून मी झोपले. आई-बाबा पुढच्या बाकावर होते, दोघं एक शब्द बोलत नव्हते. दमले असतील, असं मला वाटलं.

त्यानंतरचा एक उन्हाळा आठवतो. टेकडीवरच्या आमच्या घरामागे झाडांवरच्या सिकाडा किड्यांचा कल्ला, आईच्या हातचं पन्हं, कैऱ्या नाहीत म्हणून हिरव्या उमेचं केलेलं. बंदरातून बोटींचे भोंगे यायचे आणि ती हात कानांवर धरायची. मग पानं लाल झाली. ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती निळ्या साडीत दारात उभी होती. बाबांच्या हातात छोटी बॅग होती. टॅक्सी खाली थांबली होती. तिनं माझी वेणी एकदा सोडून परत घातली. मग चप्पल पायात सरकवली आणि म्हणाली, "येते हं."

तिला काय झालं होतं ते बाबांनी मला पुढेही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आलेली माणसं म्हणत होती, सवाष्ण गेली, भाग्याची. मला त्या बायकांचा फार राग आला होता.

बाबा इथंच राहिले. मुंबईचे नातेवाईक बोलावत होते, कंपनीही परत पाठवायला तयार होती. ते का राहिले असतील याचे मी पुष्कळ तर्क केले, त्यातला एकही खरा वाटला नाही. ते स्वयंपाक शिकले. माझ्या वेण्या घालायला शिकले, त्या नेहमी एक वर एक खाली व्हायच्या. मी 'जाते' म्हटलं तर काही बोलायचे नाहीत, नुसते बुटांची नाडी बांधत राहायचे. मग माझं मीच म्हणायला लागले, "येते."

सिनेमा इथं एकदाच पाहिला, टीव्हीवर. मी चौदा वर्षांची असेन. रविवारची दुपार होती, बाबा कांदा चिरत होते. जंगल सुरू झालं आणि मी किंचाळलेच, "बाबा, आपलं!" ते सुरीसकट येऊन बसले. सगळं जपानीत भरलेलं होतं, सिनेमातला गोरा साहेब जपानी बोलत होता, सरदार जपानी बोलत होते. मग आई आली. केस मोकळे, कपाळावर ते पांढरे ठिपके. ती जिवंत दिसत होती, इतकी जिवंत की मी टीव्हीच्या काचेला हात लावला. तिनं तोंड उघडलं आणि आतून कुणा भलत्याच बाईचा आवाज आला. कसलेला, नाटकी, गोड आवाज. "आनाता! आनाता!" जपानी बायका नवऱ्याला तसं म्हणतात, आपल्या 'अहो'सारखं. बाबा उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. काचेवर माझ्या हाताचा ठसा राहिला होता. आम्ही जेवलो. कांदा कच्चा राहिला होता, दोघांनीही तसाच खाल्ला.

पण गोष्ट मात्र ते सांगत राहिले. टोकियोत बदलीवर आलेलं बँकेतलं नाहीतर कंपनीतलं कुठलंही नवं मराठी कुटुंब घरी जेवायला आलं की ती व्हायचीच. "सात वेळा हिनं मला चहाला उठवलं हो, आठव्या वेळी कंटाळून मेलो!" पाहुणे लोटपोट हसायचे. ठरलेल्या जागी ठरलेलं हसू. मी एकदा, बरीच मोठी झाल्यावर, पाहुणे गेल्यावर भांडी विसळताना विचारलं होतं, "बाबा, आठव्या वेळी आई काय म्हणाली?"

"तेच की. चहा निवतोय," ते म्हणाले, आणि कपाट उघडून काहीतरी शोधायला लागले.

ते एकोणऐंशी वर्षांचे होऊन गेले. चाळीसहून जास्त वर्षं ते एकटे होते. शेवटी शेवटी त्यांनाही आईचा आवाज आठवत होता की नाही, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. त्याची हळहळ मला अजून आहे.

हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या होत्या. वीसेक माणसं, बहुतेक म्हातारी, गावातलीच. काचघराचे व्यवस्थापक हिरवं जाकीट घालून उभे होते. त्यांनी छोटं भाषण केलं, या जंगलात एकदा हॉलिवूड येऊन गेलं त्याचं. आमच्याबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. दिवे मालवले. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

सिनेमा अगदीच बाळबोध आहे. साहेब चांगला, टोळी वेडी, गोरिला दुष्ट. लोक योग्य तिथं हसत होते. सरदार केळीवर आदळले ते तसंच ठेवलंय. पोपटाचा आवाज मात्र नव्हता, त्याच्या जागी कसलीतरी अमेरिकन किलबिल होती. आवाज बदलले होते, इथंसुद्धा. तरी मी मनाशी म्हणत राहिले, रडणं ठेवलं असेल. रडणं कोण कशाला बदलेल?

बाबा मेले. टोळी गोल जमली. आई पुढे आली, केस मोकळे सोडले, गुडघ्यांवर बसली. तिनं तोंड उघडलं आणि वाद्यवृंद सुरू झाला. व्हायोलिन, ढोल, काय काय. तिचा गळा ताणला जात होता, छाती वरखाली होत होती आणि आवाज नव्हता. अमेरिकेत कुणीतरी बसून तो पुसला होता आणि त्याच्यावर संगीत भरलं होतं.

मला रडू आलं नाही, राग आला. इतका की त्या खुर्चीवरून उठून काहीतरी फोडावंसं वाटलं. एवढीशी गोष्ट, एका बाईच्या अर्ध्या मिनिटाची, तीही ठेवता आली नाही तुम्हाला. नाओनं माझा दंड धरला. तिलाही कळलं होतं.

आणि तेवढ्यात कॅमेरा जवळ गेला. आईचा चेहरा मोठा झाला, बाबा खालच्या कोपऱ्यात उरले. आवाज नाही म्हणून मी ओठ बघायला लागले.

'अहो उठा, चहा निवतोय.' कुणीही आरशासमोर म्हणून बघावं, यात ओठाला ओठ लागत नाही. आईचे ओठ मिटले. उघडले आणि परत मिटले. म. पुन्हा म. मग चंबू झाला, मग तोंड उघडं राहिलं. तिनं ते परत म्हटलं, मग आणखी एकदा. दुसऱ्या वेळी मला वाचावं लागलं नाही, जन्मभर ज्या तोंडाकडे बघून बोलायला शिकले त्या तोंडानं ते सरळ मला सांगितलं.

"मला मागे ठेवून जाऊ नका."

जाऊ. तो शब्द तिनं तोंडातून काढला होता. बाबांकडे बघून, मोठ्यानं. फेब्रुवारीत तिला काय माहीत होतं, किंवा काही माहीत होतं का, हे मला कधीच कळणार नाही. सात वेळा तिनं खोटं रडून दाखवलं आणि आठव्या वेळी ती खरी रडली, त्या वीस माणसांत, दिव्यांत, पोपटासमोर, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही.

सिनेमा संपला. लोक खुर्च्या घड्या घालायला लागले. मी व्यवस्थापकांकडे गेले आणि तो एक तुकडा पुन्हा दाखवाल का म्हणून विचारलं. का, असं त्यांनी विचारलं नाही. कमरेत वाकले आणि लगबगीनं मशीनकडे गेले.

"आजी काय म्हणते?" नाओनं विचारलं.

हे जपानीत सांगायला सोपं होतं. "ओइते इकानाइदे," मी म्हटलं.

नाओनं रिकाम्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पण आजोबा तर चहाचं सांगायचे."

"हो," मी म्हटलं.

दिवे पुन्हा गेले. हॉलमध्ये आम्ही दोघीच बसलो होतो. या खेपेला मी आईकडे बघितलंच नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बाबा निजले होते, छत्तीस वर्षांचे, माझ्या लेकीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठे. डोळे मिटलेले, हनुवटी किंचित वर. तिनं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते निपचित होते. दुसऱ्यांदाही हलले नाहीत. तिसऱ्यांदा तिचे ओठ मिटले आणि मेलेल्या माणसानं आवंढा गिळला. गळ्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याखाली कंठमणी वर गेला, क्षणभर तिथंच अडकला, आणि सावकाश खाली आला.